दोन रेघा उमटल्या, पुढे काय?

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२० सालचा अहवाल चाळताना बीडचं नाव एका अनपेक्षित जागी सापडतं. २०१२ ते २०१६ या काळात देशातल्या २८ नोंदणी केंद्रांत किती कॅन्सर नोंदले गेले, याचा तो हिशेब आहे. वयातला फरक जमेस धरून मिझोरामच्या ऐझॉलमध्ये दर लाख पुरुषांमागे वर्षाला २६९.४ आणि ‘उस्मानाबाद व बीड’ या जोडकेंद्रात ३९.५. देशात सगळ्यात कमी. बायकांचा आकडा ४९.४, तोही तळालाच. एखाद्या यादीत बीडचं नाव चांगल्या टोकाला आलं की आम्हा बीडकरांना आधी शंका येते, आनंद नंतर होतो. यकृताच्या कॅन्सरपुरतं बोलायचं तर मी अजून शंकेपाशीच आहे.

नोंदणी करणाऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू केली, गावोगाव माणसं पाठवून सुरू केली. जवळच्याच तालुक्यात झालेल्या त्या कामाला जगात मान आहे. शहराच्या मानाने खेड्यात कॅन्सर खरंच कमी असेल, हेही मी मानतो. पण नोंद होते ती निदान झालेल्या रोगाची. तोंडातली गाठ आरशात दिसते, स्तनातली हाताला लागते. यकृत मात्र बरगड्यांच्या आड बसलेलं आणि बरंचसं बिघडलं तरी चकार शब्द न काढणारं. आमच्याकडे त्याचा शेवट ‘पोटात पाणी झालं’, ‘कावीळ डोक्यात गेली’, ‘दारूनं लिव्हर गेलं’ अशा तीन वाक्यांत उरकतो. गळ्यात माळ असलेला, थेंबाला न शिवलेला माणूस असेल तर मग दैवावर टाकतात. त्याच्या पोटात गाठ होती की नाही हे ना घरच्यांना कळतं, ना बार्शीच्या नोंदवहीला.

मी केजच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रिपोर्टवर सही डॉक्टरांची, सुई माझी. गावाकडचा हर्निया असो, मुतखडा असो की सिझेरियन, ऑपरेशनआधी सर्जन जी यादी लिहून पाठवतात तिच्यात एचआयव्हीच्या शेजारी एचबीएसएजी असतंच. जुने डॉक्टर अजून ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हणतात. बारूख ब्लुमबर्ग यांना १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात ते सापडलं म्हणून ते नाव. त्याच कामासाठी १९७६ साली त्यांना नोबेल मिळालं. आता ती तपासणी कार्डावर होते. रक्त फिरवून वरचं पिवळसर सीरम घ्यायचं, कार्डाच्या खाचेत थेंब सोडायचे आणि पंधरा मिनिटं थांबायचं. ‘सी’पाशी एक रेघ यायलाच हवी, नाहीतर कार्डच खराब. ‘टी’पाशी दुसरी आली तर हिपॅटायटिस बी. कधी ती इतकी फिकी असते की कार्ड ट्यूबलाइटखाली तिरकं धरून बघावं लागतं.

दोन रेघा आल्या की धावपळ होते, ती सर्जनसाठी. रिपोर्टवर लाल शाईने गोल, पेशंट त्या दिवसाच्या यादीत सगळ्यात शेवटी, हातात दुहेरी ग्लोव्ह्ज. ऑपरेशन नीट होतं, टाके निघतात आणि तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत जाऊन बसतो. रक्तपेढीतही तेच. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला आमच्याकडे रक्तदान शिबिरांचा पूर येतो. त्यातली पिशवी पॉझिटिव्ह निघाली की पिशवी नष्ट करतात, ते रास्तच आहे. ज्याच्या अंगातून ती भरली त्याचा पाठपुरावा करायला मात्र कित्येकदा कोणी उरत नाही.

ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर असलेला एक माणूस हर्नियासाठी असाच आला होता. दोन रेघा पाहून मी त्याला ‘पांढरी कावीळ आहे, मोठ्या दवाखान्यात दाखवा’ म्हणालो. त्याने माझ्याच आरशात डोळे ताणून बघितले. ‘साहेब, डोळे तर पांढरे फेक हायेत. कामून घाबरावता?’ त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. जेवण होत होतं, दिवसभर ट्रॅक्टर हाकत होता, कुठे दुखत नव्हतं. घरच्यांनी त्याला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. तिथे चुन्याच्या पाण्यात हात धुऊन घेतले, पाणी पिवळं झालं, गळ्यात मुळ्यांची माळ पडली, विषय संपला. दोन हंगामांनंतर त्याचा मुलगा सीटी स्कॅनची फाईल घेऊन लॅबमध्ये आला. गाठ बारा सेंटिमीटरची होती आणि आतड्याकडून यकृतात येणाऱ्या मोठ्या शिरेत शिरली होती. इथवर आलेल्या गाठीपुढे हातात फार काही उरत नाही.

तीच गाठ दोन सेंटिमीटरच्या आत असताना दिसली असती तर ती कापता आली असती, सुई घालून जाळता आली असती. अशा लहान गाठींवर वेळेत उपचार झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसं पाच वर्षांनंतरही हिंडती-फिरती असतात. म्हणून सध्या जगभरातल्या प्रयोगशाळांचा डोळा यकृताच्या कॅन्सरच्या अगदी पहिल्या पायरीवर आहे. त्या पायरीवर जनुकांत काय बदललेलं असतं आणि शरीराची फौज काय करत असते, हे त्यांना शोधायचं आहे. रात्री लॅब बंद केल्यावर मी हे वाचत बसतो. वाचलेल्यातलं बरंचसं आमच्या त्या कार्डाशीच येऊन भिडतं.

हिपॅटायटिस बीचा विषाणू पेशीत नुसता भाड्याने राहत नाही. आपल्या डीएनएचे तुकडे तो माणसाच्या डीएनएमध्ये घुसवतो. ते कुठेही घुसू शकतात, पण गाठींमध्ये काही जागा पुन्हा पुन्हा सापडतात, आणि त्यात ‘टर्ट’ या जनुकाचा परिसर सगळ्यात पुढे. पेशी किती वेळा दुभंगेल याला निसर्गाने घातलेली मर्यादा उठवण्याचं काम हे जनुक करतं. प्रौढ यकृतपेशीत ते झोपलेलं असतं. विषाणू शेजारी येऊन त्याला उठवतो. विषाणू नसला तर ‘टर्ट’च्या आधीच्या पट्ट्यात एखादं अक्षर बदलूनही ते जागं होतं. फ्रान्समधल्या जेसिका झुकमन-रोसी यांच्या गटाने सिरोसिस झालेल्या यकृतांतल्या गाठी पायरीपायरीने तपासल्या. थोड्या बिघडलेल्या गाठींत शंभरात सहा, जास्त बिघडलेल्यांत एकोणीस आणि नुकताच कॅन्सर झालेल्यांत एकसष्ट ठिकाणी हा बदल मिळाला. पहिल्या पायरीची खूण म्हणतात ती ही.

दुसरी खूण धान्यातून येते. भिजलेल्या शेंगदाण्यावर, मक्यावर जी बुरशी धरते तिचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली होती. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर ते लगेच मारत नाही, पी-५३ या राखणदार जनुकात २४९व्या ठिकाणी बदल करून ठेवतं. १९९१ साली चीनच्या चिडुंग भागातल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांच्या गाठींत ही एकच जागा वारंवार बिघडलेली दिसली. ज्याच्या रक्तात हिपॅटायटिस बी आहे आणि ताटात हे विष, त्याचा धोका नुसत्या बेरजेच्या कितीतरी पुढे जातो. परतीच्या पावसात भिजलेली शेंग ‘घरी खायला होईल’ म्हणून बाजूला काढणाऱ्या आमच्या लोकांना हे कोणीतरी सांगायला हवं.

पण मला सगळ्यात अस्वस्थ केलं ते शरीराच्या संरक्षणव्यवस्थेच्या गोष्टीने. यकृत हा मुळात सोशिक अवयव आहे. आतड्यातून आलेलं सगळं रक्त आधी त्याच्यातून जातं. प्रत्येक घासातल्या परक्या प्रथिनावर ते चिडलं तर जगणं अवघड होईल, म्हणून तिथल्या संरक्षक पेशी सहसा हात आवरून असतात. विषाणूला हे पथ्यावर पडतं. धडधाकट प्रौढाला हिपॅटायटिस बी झाला तर शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिकांचं शरीर त्याला हुसकावून लावतं. जन्मताना आईकडून बाळाला झाला तर शंभरातल्या नव्वदांच्या अंगात तो कायमचा राहतो. बाळाची संरक्षणव्यवस्था त्याला परका म्हणून ओळखतच नाही. कित्येक वर्षं सगळं शांत असतं. मग पुढे कधीतरी, बहुतेकदा ऐन तारुण्यात, तीच फौज जागी होते आणि विषाणू असलेल्या यकृतपेशींवर तुटून पडते. पेशी विषाणूने मरतात त्याहून जास्त आपल्याच फौजेच्या माराने मरतात. मेलेल्यांच्या जागी नव्या येतात, घाईने दुभंगतात, आणि त्या घाईत डीएनएची नक्कल चुकते.

गाठ तयार झाली की फौजेचं वागणं आणखी विचित्र होतं. २०१७ साली बीजिंगच्या शास्त्रज्ञांनी यकृताच्या कॅन्सरच्या सहा रुग्णांतल्या, याच फौजेतल्या पाच हजारांवर टी पेशींची जनुकं एकेक करून वाचली. गाठीत मारेकरी पेशी होत्या, पण थकलेल्या. त्यांच्या अंगावर पीडी-१ सारखे ब्रेक दाबलेले होते आणि भोवती त्यांना आवरणाऱ्या दुसऱ्या पेशींचा गराडा. काही गाठींत बीटा कॅटेनिनचं जनुक बिघडलेलं असतं आणि अशा बऱ्याच गाठींत फौज आतच शिरत नाही. ब्रेक सोडवणाऱ्या औषधांनी २०२० पासून पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांचं आयुष्य वाढवलं, हे खरं आहे. त्यांची किंमत लाखांत आहे, हेही खरं आहे. लवकर पकडून कापलेल्या गाठीनंतर तीच औषधं दिली तर रोग परत येणार नाही, अशी आशा २०२३ साली एका मोठ्या चाचणीने जागवली होती. पुढच्या वर्षीच्या आकड्यांत तो फायदा टिकला नाही. जनुकांच्या खुणा वाचून कोणाला कोणतं औषध द्यायचं हे ठरेल तेव्हा ठरेल. ते शास्त्र थांबावं असं मी म्हणणार नाही, माझ्या पोटापाण्याचा धंदाच तपासणीचा आहे. पण हे सगळं ज्यांच्या गाठींवर शिकलं जातं ती माणसं वेळेत सोनोग्राफीच्या टेबलावर पोचलेली असतात. आमची पोचत नाहीत.

आमच्या जिल्ह्यात हे न पोचणं जन्मापासून सुरू होतं. दसरा-दिवाळी झाली की बीडमधून लाखो माणसं कोयता घेऊन सांगली, कोल्हापूर, सोलापूर, कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात. उचल घेतलेली असते, मुकादम थांबत नाही, दिवस भरत आलेली बाईही जोडीतला अर्धा कोयता म्हणून ट्रॅक्टरवर बसते. काही बाळंतपणं फडाशेजारच्या झोपडीत, म्हणजे कोपीवरच होतात. हिपॅटायटिस बीच्या लसीचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत पडायला हवा. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यातले डोस नंतर मिळतीलही, पण आईकडून आलेला विषाणू तोवर घर करून बसतो. लस २०११ पासून देशभर सरकारी यादीत आहे. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस काढल्यापासून ती महागही राहिलेली नाही. तैवानने १९८४ साली बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या दशकात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर जवळपास निम्म्यावर आला. कॅन्सरवरची लस म्हणून आपण जिची वाट बघतो, ती लसीकरणाच्या शीतपेटीत आहे. कोपीपर्यंत ती पेटी पोचण्याचा प्रश्न आहे, आणि तो शास्त्रज्ञांनी सोडवायचा नाही.

ज्यांची ती वेळ कधीच निघून गेली, त्या चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांचं काय? त्यांच्यासाठी उत्तर आहे सहा महिन्यांनी एक सोनोग्राफी आणि जमल्यास रक्तातलं अल्फा फीटोप्रोटीन. नुसत्या रक्तावर भागत नाही, कारण लहान गाठीत ते कित्येकदा वाढलेलंच नसतं. हिपॅटायटिस बीमध्ये सिरोसिस न होताही थेट कॅन्सर होऊ शकतो. म्हणून आशियाई वंशाच्या वाहकांत चाळिशीपुढच्या पुरुषांनी आणि पन्नाशीपुढच्या बायकांनी काहीही दुखत नसलं तरी ही तपासणी करावी, असं अमेरिकेतल्या यकृततज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. शांघायमध्ये अशा १८,८१६ लोकांवर अभ्यास झाला. दर सहा महिन्यांनी तपासलेल्या गटात यकृताच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी भरले, आणि तेही बोलावलेल्यांपैकी साठ टक्केही वेळेवर येत नसताना. त्या अभ्यासाच्या रचनेवर टीका झाली आहे, ती मी वाचली आहे. तरी माझ्या ट्रॅक्टरवाल्यासाठी मी त्या ३७ टक्क्यांवर पैज लावली असती.

आता बीडमध्ये ‘सोनोग्राफी’ हा शब्द उच्चारला की खोली गप्प होते. २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे आमच्याकडे ८०७ मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी. २०१२ साली परळीच्या स्त्रीभ्रूणहत्येच्या प्रकरणाने जिल्ह्याची देशभर बेअब्रू झाली. तेव्हापासून मशिनांना सील लागली, गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्याचा धाक बसला, आणि बसायलाच हवा होता. त्या कायद्यामुळे पोर्टेबल मशीन पिशवीत घालून गावोगाव नेता येत नाही. कोणी डॉक्टर मला म्हणतात, यकृतासाठी तरी ही अट सैल करा. मी म्हणतो, देशात कुठेही करा, बीडमध्ये करू नका. आमच्या हातात मोकळं मशीन देण्याइतके आम्ही अजून सुधारलेलो नाही. पण त्याच नियमांत इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर मशीन ठेवायला मुभा आहे. आणि अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून त्याचा उल्लेख आम्ही अभिमानाने करतो. त्या अभिमानाला थोडं काम द्यावं. ज्या मशिनीने या जिल्ह्यात पोटातल्या मुली शोधल्या, तिने बापाच्या यकृतातली दोन सेंटिमीटरची गाठ शोधली तर मशिनीलाही बरं वाटेल.

‘खेड्यातले लोक येतच नाहीत’ हे कारण मला सांगू नये. शेजारच्या उस्मानाबादेत, आताच्या धाराशिवमध्ये, १,३१,७४६ बायकांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या चाचणीत भाग घेतला. बार्शीचं तेच हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ते काम केलं. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्मे होतात, हे २००९ साली जगाला कळलं ते आपल्या या बायकांमुळे. त्या कॉलेजात शिकलेल्या नव्हत्या, त्यांच्याकडे गाड्या नव्हत्या. कोणीतरी घरी जाऊन नीट सांगितलं, म्हणून त्या आल्या.

यकृताच्या बाबतीत घरोघर जाण्याचीही गरज नाही, कारण निम्मी शोधाशोध आधीच झालेली असते. दोन रेघांची कार्डं आमच्याकडे रोज पडतात, फक्त त्यांची यादी कोणी करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालात भारतात हिपॅटायटिस बीचे सुमारे तीन कोटी रुग्ण धरले आहेत. जगभरातल्या अशा रुग्णांपैकी जेमतेम १३ टक्क्यांचं निदान झालंय आणि ३ टक्के उपचारांवर आहेत. २८ जुलै २०१८ पासून आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रम आहे, विषाणू दाबून ठेवणारं टेनोफोवीर त्यात मोफत मिळतं. गोळी सगळ्यांनाच लागते असं नाही, कोणाला लागते ते विषाणूचं प्रमाण आणि यकृताची अवस्था बघून डॉक्टर ठरवतात. पण ठरवायला माणूस डॉक्टरसमोर बसायला हवा. ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढण्याच्या प्रकरणानंतर नीलम गोऱ्हे यांची समिती बसली, ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ झालं, हंगामाआधी तपासणीच्या घोषणा झाल्या. त्या तपासणीत हिमोग्लोबिनच्या जोडीला हे एक कार्ड घाला. ज्याचं पॉझिटिव्ह येईल त्याच्या बायको-मुलांचं तपासा, निगेटिव्ह असतील त्यांना लस द्या, आणि त्याला सोनोग्राफीच्या दोन तारखा द्या. एक टोळी निघण्याआधीची, दुसरी पाडव्याला परतल्यावरची. ऊसतोडीचं वर्ष आपसूकच सहा-सहा महिन्यांत वाटलेलं आहे. इतकं सोयीचं वेळापत्रक शांघायवाल्यांनाही मिळालं नव्हतं.

आमच्या डॉक्टरांना विचारून मध्यंतरी मी पॉझिटिव्ह रिपोर्टच्या तळाशी एक ओळ छापायला लागलो: ‘त्रास नसला तरी यकृततज्ज्ञ किंवा फिजिशियनला दाखवा, सोनोग्राफी किती दिवसांनी करायची ते विचारा, घरच्यांची तपासणी करा.’ तालुक्यातल्या एका डॉक्टरांचा फोन आला, लॅबने सल्ले देऊ नयेत. माझ्यापुरतं त्यांचं बरोबर आहे, टेक्निशियनने उपचार सांगू नयेत. म्हणून माझी जिल्हा शल्यचिकित्सकांना जाहीर विनंती आहे, की ही ओळ त्यांनी आपल्या नावाने काढावी आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक लॅबला, प्रत्येक रक्तपेढीला ती छापणं सक्तीचं करावं. शब्द त्यांना हवे तसे बदलावेत. यंदाचे ट्रॅक्टर भरायच्या आधी परिपत्रक निघालं तर बरं. कागदाचा, शाईचा खर्च आड येत असेल तर आमच्या लॅबचा प्रिंटर रात्री आठनंतर मोकळाच असतो.